पाबळच्या माळावरची यंत्रशाळा : विज्ञान आश्रमाची वाटचाल

शाळेतल्या मुलांनी रोबोट बनवल्याची बातमी आता वर्तमानपत्रात नेहमीची झाली आहे. छायाचित्रात चार-पाच मुलेमुली, समोर टेबलावर चाकांची छोटी गाडी, मागे मुख्याध्यापक आणि पाहुणे. ‘रोबोटिक्स’ हा शब्द मराठी शाळांच्या वेळापत्रकात शिरला त्याच्या कितीतरी आधी पुणे जिल्ह्यातल्या एका दुष्काळी गावात आठवी-नववीची मुले आठवड्यातला एक दिवस हॅक्सॉ चालवत होती, वायरिंग करत होती, जमिनीत सळया रोवून पाण्याचा अंदाज घेत होती. पुढे त्याच गावात अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब उभी राहिली आणि खेड्यातली मुले सेन्सर, मायक्रोकंट्रोलर आणि मोटर यांची जोडणी करू लागली. महाराष्ट्रातल्या शालेय रोबोटिक्सचा इतिहास ज्याला लिहायचा असेल त्याने पहिले पान पाबळच्या विज्ञान आश्रमाला द्यावे, असे माझे ठाम मत आहे. या लेखात ते कारणांसह मांडतो.

पाबळ हे शिरूर तालुक्यातले गाव, पुण्याहून साधारण सत्तर किलोमीटरवर. इतिहासाच्या वाचकाला ते मस्तानीच्या कबरीमुळे ठाऊक असते. पर्जन्यछायेतला हा भाग. मुरमाड जमीन, खाली काळा कातळ, बेभरवशाचा पाऊस. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग आपल्या पत्नी मीराताईंसह इथे राहायला आले, ते गावात काही खास आहे म्हणून आले नव्हते. महाराष्ट्रातल्या हजारो कोरडवाहू गावांसारखे हे एक गाव होते, आणि इथे जे साधेल ते दुसरीकडेही साधेल, हाच निवडीमागचा विचार होता. वैज्ञानिकाने प्रयोगासाठी नमुना निवडावा तशी ही निवड होती, आणि मग त्या नमुन्याबरोबर जन्म काढायचा निश्चयही होता.

डॉ. कलबागांचा जन्म १९२८चा, म्हणजे पाबळला आले तेव्हा त्यांनी वयाची चौपन्न वर्षे ओलांडली होती. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून त्यांनी अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवली. परत आल्यावर म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत काम केले आणि नंतर मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात अभियांत्रिकी विज्ञान विभागाचे प्रमुखपद सांभाळले. निवृत्तीला अजून अवकाश असताना, १९८२मध्ये, ते त्या नोकरीतून बाहेर पडले. अशा माणसाला शहरात राहून सल्लागार म्हणून सुखाने जगता आले असते. त्यांनी माळावर राहून नापास मुलांना शिकवणे पसंत केले.

त्यांच्या पाठीशी उभी राहिली ती भारतीय शिक्षण संस्था. जे. पी. नाईक यांनी १९४८मध्ये मुंबईत स्थापन केलेली ही संस्था १९७६पासून पुण्यात आहे. विज्ञान आश्रम या संस्थेचेच एक केंद्र म्हणून सुरू झाला. हा धागा नीट पाहिला पाहिजे, कारण पाबळची कल्पना आभाळातून पडलेली नव्हती. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समितीने आराखडा केला आणि उत्पादक श्रमातून शिक्षण देणारी ‘नई तालीम’ देशापुढे आली. स्वातंत्र्यानंतर ती हळूहळू सूतकताईच्या तासापुरती उरली. मग १९६४ ते १९६६च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ शालेय शिक्षणात आणण्याची शिफारस केली. या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईकच. शिफारस मोठी होती, पण शाळेत पोहोचेपर्यंत तिचे काय झाले हे माझ्या पिढीच्या विद्यार्थ्यांना चांगले माहीत आहे. कार्यानुभवाच्या तासाला आम्ही खडू आणि कागदी पाकिटे केली, आणि परीक्षा जवळ आली की तो तास गणिताच्या सरांनी घेतला. नाईकांचे १९८१मध्ये निधन झाले. कार्यानुभवाला खऱ्या कामाची आणि खऱ्या विज्ञानाची जोड देऊन दाखवणे उरले होते. भारतीय शिक्षण संस्थेने ते काम कलबागांच्या हाती दिले, असे म्हणायला हरकत नाही.

कलबागांचे म्हणणे साधे होते. मूल शाळेबाहेर बोलायला शिकते, पोहायला शिकते, सायकल शिकते, गुरे राखायला शिकते. तिथे त्याला कोणी नापास करत नाही आणि ते शिकल्याशिवाय राहतही नाही. हात काम करतात, डोके प्रश्न विचारते, चूक झाली तर वस्तूच ती दाखवून देते. शिकण्याची ही नैसर्गिक रीत शाळेत आणायची, आणि त्यासाठी मुलांना लुटुपुटूचे नव्हे तर गावाला हवे असलेले काम द्यायचे. गावाचा विकास आणि मुलांचे शिक्षण ही एकाच कामाची दोन फळे असू शकतात, यावर त्यांचा विश्वास होता.

पाबळला सर्वांत आधी हवे होते पाणी. विहीर कुठे खणायची, बोअर कुठे घ्यायचे, हे ठरवायला शेतकरी पाणाड्याला बोलावत असे. विज्ञान आश्रमाने याच प्रश्नाला हात घातला आणि भूगर्भाची विद्युतरोधकता मोजण्याचे उपकरण गावात आणले. पद्धत अशी. एका रेषेत समान अंतरावर चार सळया जमिनीत ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळयांमधून वीज सोडायची आणि आतल्या दोन सळयांमधला विद्युतदाब मोजायचा. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. सळयांमधले अंतर वाढवत नेले की वीज अधिकाधिक खोल थरांतून जाते, म्हणजे वरून न खणता खालच्या थरांची चाहूल लागते. कोरडा अभंग कातळ विजेला अडवतो. भेगाळलेल्या, पाणी धरून ठेवणाऱ्या थरात रोध एकदम उतरतो. मिळालेले आकडे आलेखावर मांडायचे आणि रेषा कुठे वाकते ते पाहायचे.

आता हे गणित कोणत्या इयत्तेचे? ओहमचा नियम माध्यमिक शाळेच्या पुस्तकात आहे, आलेख त्याआधीच येतो. पुस्तकातला ओहमचा नियम पाच गुणांचा असतो. शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून लावलेल्या ओहमच्या नियमावर त्याचे कर्ज अवलंबून असते. एक रीडिंग चुकीचे घेतले तर कोरडे बोअर त्याच्या माथी बसते. अशा जागी शिकलेला नियम मुलगा विसरत नाही. ही तपासणी आश्रम फुकट करत नसे. सेवेचे पैसे घेतले जात, आणि काही तरुणांनी पुढे तोच आपला व्यवसाय केला. पैसे घेण्याचा आग्रह कलबागांचाच होता. फुकट मिळालेल्या कामाची किंमत गाव करत नाही आणि काम करणाऱ्यालाही आपल्या कौशल्याची खात्री पटत नाही, हे त्यांनी ओळखले होते. मातीची तपासणी, रक्तगट तपासणी, रोपवाटिका, वेल्डिंगची किरकोळ कामे, अशा सेवा याच वळणाने वाढत गेल्या.

दुसरी गरज होती छपराची. आश्रमाकडे इमारतीसाठी पैसा नव्हता. कलबागांनी बकमिन्स्टर फुलर यांच्या जिओडेसिक घुमटाची रचना घेतली आणि मुलांकडून लोखंडी अँगलचे त्रिकोण जोडून घेतले. वर कोंबडी जाळी आणि सिमेंटचा गिलावा, म्हणजे ज्याला फेरोसिमेंट म्हणतात ते. अशा घुमटाला आत खांब लागत नाही, सामान कमी लागते आणि सांगाडा भूकंपाचा धक्का चांगला सोसतो. मात्र अँगलचे तुकडे दोन-तीन ठरावीक लांबींचेच हवेत आणि प्रत्येक लांबी काटेकोर हवी. एका तुकड्यात चूक झाली की ती शेवटच्या त्रिकोणापर्यंत पोहोचते आणि बोल्ट बसत नाही. त्रिकोणमिती शिकवण्याचे याहून चोख साधन मला माहीत नाही. माळावरचे ते घुमट ही विज्ञान आश्रमाची ओळख झाली. ‘पाबळ डोम’ या नावाने ती रचना बाहेरही गेली, आणि सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर लातूरच्या भागातही असे घुमट उभे राहिले. ज्या मुलांना शाळेने ‘ढ’ ठरवले होते, त्यांच्या हातची ही घरे आहेत.

या कामाला अभ्यासक्रमाचे रूप दोन वाटांनी मिळाले. एक वाट शाळा सुटलेल्या तरुणांची. त्यांच्यासाठी आश्रमात राहून करायचा एक वर्षाचा ग्रामीण तंत्रज्ञानाचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. त्याला पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची मान्यताही मिळाली. प्रवेशासाठी गुणपत्रिका महत्त्वाची नव्हती. हाताने काम करायची तयारी पुरेशी होती.

दुसरी वाट आमच्या विषयाला अधिक जवळची, म्हणजे माध्यमिक शाळेची. ‘इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी’ असे तिचे नाव, पण शाळा-शाळांत ती ‘आयबीटी’ म्हणूनच ओळखली जाते. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात राज्यात ती आठवी ते दहावीसाठी पूर्वव्यावसायिक विषय म्हणून स्वीकारली गेली. आठवड्यातला एक पूर्ण दिवस कामाचा. विभाग चार : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. वर्गाचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाने आळीपाळीने चारही विभागांत काम करायचे. इथे एक गोष्ट विशेष सांगायला हवी. चारही विभाग मुलांना आणि मुलींना सारखेच. मुलीने वेल्डिंगचा काळा चष्मा चढवायचा आणि मुलाने पोषणमूल्ये मोजून चिक्की करायची. आज रोबोटिक्सच्या स्पर्धांमध्ये मुलींचा सहभाग वाढवण्यासाठी वेगळ्या मोहिमा काढाव्या लागतात. आयबीटीच्या शाळांत तो प्रश्न वेळापत्रकानेच सोडवला होता.

शिकवणारे निदेशक बहुतेकदा गावातलेच, काही तर आश्रमातून पदविका घेऊन बाहेर पडलेले. गावात वेल्डिंगचे दुकान चालवणारा तरुण आठवड्यातून एक दिवस शाळेत निदेशक म्हणून उभा राहतो, आणि बीएड झालेले विज्ञानाचे शिक्षक त्याच्याकडून इलेक्ट्रोड कसा धरायचा ते शिकतात. शाळेच्या उतरंडीत हा बदल लहान नाही. शाळेचे बाक, खिडक्यांच्या जाळ्या, विजेची जोडणी, अशी कामे मुलांनीच करायची आणि त्यांचा खर्च मांडून हिशेब लिहायचा, हाही अभ्यासाचाच भाग.

हा विषय महाराष्ट्रात आणि बाहेर मिळून शंभराहून अधिक शाळांत पोहोचला. लेंड-अ-हँड-इंडिया या संस्थेने २००४नंतर त्याच्या प्रसाराला मोठा हात दिला. तरी महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळांच्या संख्येपुढे शंभर म्हणजे फारच थोड्या. कार्यशाळेला जागा लागते, सळई-पत्रा-सोल्डरचा खर्च दर महिन्याला येतो, निदेशकाचे मानधन कोणी द्यायचे हा प्रश्न प्रत्येक जूनमध्ये नव्याने उभा राहतो. आणि दहावीचा निकाल हेच शाळेचे एकमेव माप झाले की आठवड्यातला एक दिवस ‘वाया’ घालवायला संचालक मंडळ तयार होत नाही. ही खंत या इतिहासातून गाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

नव्वदच्या दशकात आश्रमाने आणखी एक धाडस केले. जीपच्या जुन्या सुट्या भागांतून ‘मेकबुल’ नावाचा छोटा, स्वस्त ट्रॅक्टर तयार केला. बैलजोडी परवडत नाही आणि मोठा ट्रॅक्टर घेता येत नाही, अशा शेतकऱ्यासाठी तो होता. मेकबुलचा मोठा कारखाना झाला नाही. पण गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल उघडून, समजून घेऊन पुन्हा जोडणारी मुले त्यातून तयार झाली. पुढच्या पर्वात त्यांचा अनुभव कामी आला.

ते पर्व २००२मध्ये सुरू झाले. अमेरिकेतल्या एमआयटीत प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड १९९८पासून ‘(जवळजवळ) काहीही कसे बनवावे’ अशा अर्थाच्या नावाचा एक वर्ग घेत होते. कारखान्यातल्या संगणकनियंत्रित यंत्रांच्या छोट्या आवृत्त्या एका खोलीत मांडल्या आणि विद्यार्थ्यांना मनातली वस्तू स्वतः करायला दिली, तर काय होते ते पाहणारा हा वर्ग विलक्षण लोकप्रिय झाला. २००१मध्ये त्यांचे ‘सेंटर फॉर बिट्स अँड ॲटम्स’ उभे राहिले. अशी खोली विद्यापीठाबाहेर, सामान्य माणसांत नेली तर ते काय बनवतील, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधत ते पाबळला पोहोचले. एमआयटीबाहेर सुरू झालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक शिरूर तालुक्यातल्या या माळावर आली. बॉस्टनच्या वस्तीतली, नॉर्वेच्या उत्तर भागातली आणि घानातली लॅब याच सुरुवातीच्या काळातल्या. आज जगभर दोन हजारांहून अधिक फॅब लॅब आहेत.

पाबळच का, याचे उत्तर गर्शेनफेल्ड यांच्या २००५ साली आलेल्या ‘फॅब’ या पुस्तकात मिळते. त्यात कलबाग आणि पाबळ यांच्याविषयी त्यांनी आदराने लिहिले आहे. कलबागांनी पाहुण्यांकडे संगणक मागितले नाहीत. त्यांना मोजमापाची साधने हवी होती : दुधाचा कस तपासणारे उपकरण, डिझेल इंजिनाचा वेग आणि टायमिंग नेमके दाखवणारे उपकरण. बाजारात ती होती, पण गावाला न परवडणाऱ्या किमतीची. मोजता आले की सुधारता येते, हे त्यांचे सूत्र पाण्याच्या शोधापासून चालत आलेले होते. लॅबने दिली ती अशी साधने स्वतःच घडवण्याची ताकद : लेझर कटर, तांब्याच्या पत्र्यावर सर्किट कोरणारी छोटी मिलिंग मशीन, व्हायनिल कटर आणि इलेक्ट्रॉनिक्सचे टेबल.

लॅब सुरू झाल्याच्या पुढच्याच वर्षी, ३० जुलै २००३ रोजी, डॉ. कलबागांचे निधन झाले. लॅबचा बहर त्यांना पाहायला मिळाला नाही. डॉ. योगेश कुलकर्णी यांनी आश्रमाची धुरा घेतली आणि आयबीटी, पदविका आणि फॅब लॅब या तिन्ही प्रवाहांना एकत्र ठेवले. २००९मध्ये जगभरातल्या फॅब लॅबचे पाचवे वार्षिक संमेलन पुण्यात भरले. त्याच सुमारास सुरू झालेल्या ‘फॅब अकॅडमी’ या जागतिक अभ्यासक्रमाचे केंद्रही पाबळला झाले. बार्सिलोना, बॉस्टन आणि पाबळ यांचे विद्यार्थी एकाच आठवड्यात एकच गृहपाठ करू लागले.

आता रोबोटविषयी. रोबोट म्हणजे काय, हे मुलांना समजावताना मी पाबळच्या फॅब लॅबमधल्या अंडी उबवण्याच्या यंत्राचे उदाहरण देतो. त्याला चाके नाहीत, हात नाहीत, डोळ्यांत दिवे नाहीत. कोंबडीच्या अंड्यातून पिलू बाहेर यायला एकवीस दिवस लागतात. या काळात तापमान साडेसदतीस अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर राहावे लागते, हवेत ओलावा ठेवावा लागतो आणि अंडी दिवसातून अनेकदा फिरवावी लागतात, नाहीतर गर्भ कवचाला चिकटतो. शेवटचे तीन दिवस फिरवणे थांबवून ओलावा वाढवावा लागतो. खुडूक कोंबडी हे सारे स्वतःहून करते. यंत्राकडून करून घ्यायचे तर तापमानाचा आणि दमटपणाचा सेन्सर हवा, त्याचे आकडे वाचून निर्णय घेणारा मायक्रोकंट्रोलर हवा, दिवा किंवा हीटर चालू-बंद करणारा रिले हवा आणि ट्रे कलता करणारी मोटर हवी. जाणणे, ठरवणे, करणे. सगळ्या रोबोटिक्सचा गाभा एवढाच आहे आणि तो या खोक्यात पूर्ण भरलेला आहे.

त्याशिवाय स्पर्धेच्या मैदानावर न मिळणारा एक परीक्षक इथे असतो. स्पर्धेतला रोबोट अडीच मिनिटे नीट चालला की काम झाले. उबवणी यंत्राला एकवीस दिवस-रात्र चालावे लागते, आणि ते ग्रामीण विजेवर. रात्री दोनला वीज गेली तर काय, बॅटरी किती तास पुरेल, खोक्याला थर्मोकोलचे अस्तर दिले तर उष्णता किती टिकेल, सेन्सरवर धूळ बसली तर आकडा किती चुकेल. हे प्रश्न मुलांना कोणी घालून द्यावे लागत नाहीत. अंडी ते विचारतात. शाळेत रोबोटिक्सचा संघ चालवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने आपल्या मुलांकडून एकदा तरी असे यंत्र करून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

स्पर्धांना मी कमी लेखत नाही. त्यांचाही इतिहास मोठा आहे आणि गमतीची गोष्ट अशी, की त्याचाही एक उगम एमआयटीतलाच. सत्तरच्या दशकात तिथले प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी विद्यार्थ्यांना सुट्या सामानाचा एकेक संच देऊन, त्यातून यंत्र बनवून एकमेकांशी सामना करायला लावले. संशोधक डीन केमन यांनी १९८९मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था काढली आणि फ्लॉवर्स यांच्या साथीने हाच खेळ शाळांमध्ये नेला. १९९२मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर शहरात एका शाळेच्या व्यायामशाळेत पहिली स्पर्धा झाली. संघ होते अठ्ठावीस. संघाला सामान मिळायचे, सहा आठवडे मिळायचे, आणि हरणाऱ्या संघालाही हत्यार उसने देण्याची रीत पाळायची. प्रतिस्पर्ध्याचा रोबोट बंद पडला तर आपला सोल्डरिंग आयर्न घेऊन धावत जायचे, हा संस्कार त्या स्पर्धेची खरी कमाई आहे.

आपल्याकडे ही लाट आधी महाविद्यालयांत आली. आशिया-पॅसिफिक देशांची रोबोकॉन स्पर्धा २००८ आणि २०१४ अशी दोनदा पुण्यात भरली. २००८च्या स्पर्धेचा विषय होता ‘गोविंदा’. देशोदेशीच्या विद्यार्थ्यांचे रोबोट पुण्यात हंडीतले लोणी काढत होते. दहीहंडीच्या थरांमागे तोल, उंची आणि वेळ यांचे केवढे यंत्रशास्त्र दडले आहे, हे त्या वर्षी जगाने पाहिले. शाळांमध्ये ‘फर्स्ट’चे आणि लेगोच्या संचांचे संघ हळूहळू वाढले, पण मुख्यतः मुंबई-पुण्याच्या मोठ्या शाळांत. जुलै २०१७मध्ये वॉशिंग्टनला पहिली ‘फर्स्ट ग्लोबल’ स्पर्धा झाली. दीडशेहून अधिक देशांचे शालेय संघ आले होते, विषय होता शुद्ध पाणी, आणि मैदानावर स्वच्छ पाण्याचे निळे व दूषित पाण्याचे नारिंगी चेंडू वेगळे करायचे होते. भारताचा संघ मुंबईच्या विद्यार्थ्यांचा होता. अभियांत्रिकी रचनेच्या झांग हेंग पुरस्कारात त्याने सुवर्ण मिळवले.

त्या चेंडूंविषयी वाचताना मला पाबळची चार सळयांची रेषा आठवली. एकीकडे पाण्याचे प्रतीक असलेले चेंडू, दुसरीकडे शेतकऱ्याचे खरे बोअर. मुंबईच्या मुलांनी मिळवलेल्या पदकाचा आनंद मला मनापासून आहे. मात्र आपल्या शाळांना प्रेरणा घ्यायची तर दोन्हींकडून घ्यावी लागेल. संघभावना, मुदत आणि नेमकेपणा स्पर्धेकडून घ्यावा. कोणते यंत्र करायचे, हे मात्र गावाकडे पाहून ठरवावे. पाबळच्या चाळीस वर्षांत प्रत्येक यंत्राआधी कोणाची तरी अडचण उभी होती : कोरडी विहीर, नसलेले छप्पर, न परवडणारा ट्रॅक्टर, न उबणारी अंडी. संच आधी विकत घेऊन मग त्याला शोभेल असा प्रश्न शोधण्याची उलटी रीत तिथे कधी चालली नाही.

ही गोष्ट आज तातडीची झाली आहे, कारण पैसा आणि धोरण दोन्ही शाळांच्या दाराशी आले आहेत. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६पासून सहावी ते बारावीच्या शाळांसाठी अटल टिंकरिंग लॅब सुरू केल्या. एका शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान : दहा लाख उभारणीला, उरलेले चालवण्यासाठी. देशात अशा दहा हजार लॅब झाल्या. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर आणि रोबोटिक्सचे संच जिल्ह्याच्याच नव्हे तर तालुक्याच्या शाळांतही पोहोचले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून व्यावसायिक शिक्षणाची ओळख आणि दप्तराविना दहा दिवसांची कल्पना मांडली. आयबीटीचे शिक्षक हे वाचून हसले असतील, कारण त्यांच्या शाळेत दर आठवड्याला एक दिवस दप्तर बंदच असते. फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी पन्नास हजार टिंकरिंग लॅबची घोषणा झाली.

पन्नास हजार लॅबना संच पुरवणारे पुरवठादार सापडतील. त्या चालवणारी पन्नास हजार माणसे कुठून येणार, हा खरा अवघड भाग आहे. अनेक शाळांत प्रिंटर वर्षातून दोनदा, तपासणीच्या आणि विज्ञान प्रदर्शनाच्या वेळी चालू होतो. लॅबची किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात असते, कारण काही मोडले तर जबाबदारी कोणाची हे ठरलेले नसते. विज्ञानाच्या शिक्षकाकडे आधीच तीन तुकड्या आणि निवडणुकीची कामे आहेत. पाबळच्या अनुभवाने या अडचणीवर एक खात्रीची वाट दाखवली आहे. गावातला कसबी तरुण निदेशक म्हणून घ्यावा, त्याला आठवड्यातून एक पूर्ण दिवस द्यावा, मुलांनी केलेल्या कामाचे पैसे घेऊन सामानाचा काही खर्च त्यातून भागवावा, आणि मोडलेली वस्तू दुरुस्त करणे हाच त्या आठवड्याचा पाठ मानावा. विज्ञान आश्रमात शिक्षकांची आणि निदेशकांची प्रशिक्षणे होतात. ज्या शाळेला नवी लॅब मंजूर झाली आहे, तिने यंत्रांची यादी पाठवण्याआधी आपले दोन शिक्षक आणि गावातला एक वेल्डर पाबळला पाठवावेत.